डायव्हर घड्याळाला समुद्राचा दाखला कशाला?

“समुद्र कुठं आणि भांडगाव कुठं?” मनगटावर डायव्हर घड्याळ दिसलं की आमच्या भागात हा प्रश्न हमखास येतो. पुण्याहून सोलापूरकडे निघालं की यवत ओलांडल्यावर आमचं गाव लागतं. तालुका दौंड. हायवेच्या कडेने कारखाने, आत वळलं की ऊस. समुद्र गाठायचा तर रस्त्याने दीडशे किलोमीटरांहून जास्त जावं लागतं. अशा गावातल्या माणसाने दोनशे मीटर खोल पाण्याचा दाब सोसणारं घड्याळ घालावं, आणि एकावर न थांबता चार-पाच जमवावीत, हे पुष्कळांना निव्वळ मिरवणं वाटतं.

त्यांचे आक्षेप चार आहेत. बुडी मारत नाही, तर डायव्हर कशाला? खिशात मोबाइल असताना घड्याळ कशाला? एकाने भागतं, तर पाच कशाला? आणि सोसायटीच्या कर्जाची चिंता घराघरांत असलेल्या तालुक्यात ही चैन शोभते का? बोलणारी माणसं आपलीच आहेत, त्यांचा हेतू वाईट नाही. चौथा आक्षेप तर मीही गंभीरपणे घेतो. पण पहिले तीन आक्षेप हे घड्याळ काय काम करतं, तेच न पाहता घेतलेले आहेत. म्हणून सविस्तर उत्तर द्यायला हवं.

सुरुवात जन्मकथेपासून करू. ब्लांपां ही स्विस घड्याळ कंपनी चालवणारे ज्याँ-जाक फिश्टेर स्वतः हौशी पाणबुडे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एकदा पाण्याखाली त्यांचं वेळेचं भान सुटलं आणि टाकीतली हवा संपत आली. जीव वाचला, पण आपल्याला कसलं घड्याळ हवं आहे ते त्यांना नेमकं कळलं. त्याच काळात रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे फ्रेंच अधिकारी लष्करी पाणबुड्यांचं पथक उभं करत होते आणि तसंच घड्याळ शोधत होते. १९५३ साली ‘फिफ्टी फॅदम्स’ तयार झालं. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. पुढच्याच वर्षी रोलेक्सचं ‘सबमरिनर’ लोकांसमोर आलं.

या घड्याळांत पाणी शिरत नव्हतं, एवढंच त्यांचं महत्त्व नाही. पाणी न शिरणारी घड्याळं आधीही होती. रोलेक्सने बंदिस्त ‘ऑयस्टर’ पेटी १९२६ सालीच आणली होती. खरं महत्त्व होतं ते काचेभोवतीच्या फिरत्या रिंगेला, म्हणजे बेझलला. पाण्याखालच्या माणसाला किती वाजले याच्याशी कर्तव्य नसतं. खाली उतरून किती वेळ झाला, हे त्याला हवं असतं. बुडी घेताना रिंगेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा रिंगेवरच्या ज्या आकड्यावर असेल तेवढी मिनिटं झाली. हिशेब नाही, वजाबाकी नाही, अंधारातसुद्धा एका नजरेत उत्तर.

पुढे ही रिंग एकाच दिशेने, काट्यांच्या उलट फिरेल अशी करण्यात आली. त्यामागचा विचार मला या साऱ्या विषयातला सर्वांत मोठा वाटतो. रिंगेला खडकाचा धक्का लागला आणि ती सरकली, तर गेलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. पाणबुडा लवकर वर येतो, उशिरा नाही. बनवणाऱ्याने माणसाच्या हातून चूक होणार हे धरलं, आणि ती चूक त्याला वाचवणाऱ्या बाजूलाच होईल अशी तजवीज केली. ज्याने हे एकदा समजून घेतलं, त्याला डायव्हर घड्याळाकडे दागिना म्हणून पाहता येणार नाही.

आता दौंड तालुक्याकडे पाहू. इथल्या रानात दिवस कशावर चालतो? मुठा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाण्याच्या पाळ्या लागतात. शेतीपंपाची थ्री-फेज लाइट वेळापत्रकाप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री. भावाभावांत वाटलेल्या विहिरीवर कुणी किती वेळ मोटर चालवायची हे ठरलेलं असतं आणि त्यावरून मनं दुखावतात. रात्री उसाला दारं धरणारा माणूस पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतो: पाणी लावून किती वेळ झाला? या सरीला किती झाला, मोटर सुरू होऊन किती झाला, लाइट जायला किती उरला. पाणबुड्याचा आणि दारं धरणाऱ्याचा प्रश्न एकच आहे. दोघेही पाण्यात, दोघेही अंधारात, दोघांचे हात कामात गुंतलेले. त्रिकोण मिनिटकाट्यासमोर ठेवला तर तासाभराचा हिशेब मिळतो. तोच तासकाट्यासमोर ठेवला तर रिंगेवरची दर पाच मिनिटांची खूण एकेक तास दाखवते आणि अख्ख्या रात्रीच्या पाळीचा हिशेब मनगटावर राहतो. हे कुठल्या पुस्तकात शोधावं लागत नाही, बांधावर उभं राहून करून पाहता येतं.

आणि गेलेला वेळ मोजणं ही आपल्याकडे परकी गोष्टही नाही. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र वापरत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. किती वाजले हे त्या वाटीला ठाऊक नव्हतं, किती वेळ गेला एवढंच ती सांगायची. डायव्हर घड्याळाचं बेझल त्याच कामाला लावलेलं आहे.

एखादं साधन जिथे जन्मलं तिथेच वापरलं पाहिजे, हा नियम आपण दुसऱ्या कशालाही लावत नाही. पुरुषांच्या हातावर मनगटी घड्याळ रुळलं ते पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांमुळे; त्याआधी पुरुष खिशातलं घड्याळ वापरत. जीप तर दुसऱ्या महायुद्धासाठीच बनली. महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली आणि घाटापासून माळरानापर्यंत ती सगळ्यांची झाली. जीपवाल्या शेतकऱ्याला तू कुठल्या पलटणीतला, असं कुणी विचारत नाही. मग घड्याळवाल्याकडेच समुद्राचा दाखला का मागायचा?

दुसरा आक्षेप मोबाइलचा. इथे एक गोष्ट आधीच मान्य करतो, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. आजचे खरे पाणबुडेसुद्धा काट्यांच्या घड्याळावर विसंबून राहत नाहीत. १९८०च्या दशकापासून डाइव्ह कॉम्प्युटर आले. खोली, वेळ, वर येण्याचा वेग हे सगळं तेच सांगतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या स्कुबा केंद्रात शिकायला गेलात, तरी खाली वेळ मोजायला हजारो रुपयांचं यांत्रिक घड्याळ आणा, असं कुणी म्हणणार नाही. पाणबुड्याच्या हातावर ते आज दुसरं, आधाराचं साधन आहे.

पण मोबाइलने घड्याळ संपवलं, असं यातून सिद्ध होत नाही. ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा धड दाद देत नाही. चिखलाच्या हाताने तो खिशातून काढवतही नाही. वेळ बघायला काढला की चार निरोप, दोन व्हिडिओ पाहून होतात आणि तेवढ्यात वाफा फुटतो. चार-सहा वर्षांत तो टाकून द्यावा लागतो. चांगलं ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं, त्याला सेल लागत नाही, आणि दर काही वर्षांनी घड्याळजीने मशीन उघडून धुतलं, तेल दिलं, वॉशर बदलले, की ते पुढच्या पिढीला देता येतं. आपल्या वापरातल्या किती वस्तू आज दुरुस्त होतात? दुरुस्त होणारी वस्तू निवडणं याला मी हौसेइतकंच शहाणपण मानतो.

तिसरा आक्षेप संग्रहाचा: एक पुरे, पाच कशाला? इथे मला थोडं रेंगाळावं लागेल, कारण संग्रहाचं खरं सुख इथेच आहे आणि आक्षेप घेणाऱ्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

पाणी दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढवतं. हा दाब प्रत्येक फटीतून आत घुसू पाहतो. त्याला बाहेर कसं ठेवायचं? प्रश्न एकच, पण निरनिराळ्या देशांतल्या कारागिरांनी त्याची उत्तरं अगदी वेगवेगळी दिली. सोव्हिएत रशियातल्या चिस्तोपोलच्या व्होस्तोक कारखान्याने १९६७ साली ‘अँफिबिया’ बनवलं. त्यांनी दाबाशी झुंज घेतली नाही, त्यालाच कामाला लावलं. पाठीचं झाकण स्वतः फिरवून बसवायचं नाही, ते एका वेगळ्या रिंगेने जागेवर धरायचं. आत रुंद, सपाट रबरी वॉशर. वर जाड ॲक्रिलिकची फुगीर काच. जितकं खोल जावं तितकं पाणीच झाकण आणि काच आत दाबतं आणि घड्याळ आणखी घट्ट बंद होतं. या घड्याळाची किल्ली उघडली की सैल लोंबते. नवख्याला तो दोष वाटतो. खरं तर धक्क्याने आतली दांडी वाकू नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवली आहे.

जपानमध्ये सेइकोने पहिलं डायव्हर १९६५ साली आणलं, दीडशे मीटरचं. १९६८ साली हिरोशिमा भागातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला तक्रारीचं पत्र पाठवलं: आमच्या कामात ही घड्याळं टिकत नाहीत. त्याचं काम वेगळ्याच जातीचं होतं. समुद्रतळाशी दीर्घकाळ काम करणारी ही माणसं दिवसच्या दिवस दाबाखालच्या खोलीत राहतात आणि हेलियम मिसळलेली हवा घेतात. हेलियमचे कण इतके बारीक की ते वॉशरमधूनही घड्याळात शिरतात. वर येताना बाहेरचा दाब उतरतो, आतला वायू मात्र अडकतो आणि काच उडते. रोलेक्स आणि डोक्सा या कंपन्यांनी यावर पेटीला एक बारीक झडप बसवली: आत शिरलेला हेलियम बाहेर जाऊ दे. सेइकोने उलटा विचार केला: तो आत शिरायलाच नको. पाठीला झाकणच नसलेली एकसंध टायटॅनियमची पेटी, वेगळ्या आकाराचा वॉशर, आणि दाबाखाली अंगावरचा पोशाख आवळला तरी सैल न पडणारा घड्यांचा पट्टा. एका पत्राचं उत्तर द्यायला सात वर्षं लागली आणि १९७५ साली सहाशे मीटरचं घड्याळ तयार झालं. गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा असा मान राखलेला फार क्वचित पाहायला मिळतो.

तिसरं उत्तर आपल्या ओळखीच्या कंपनीचं आहे. फेवर ल्युबा हे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत सांगावं लागत नाही. ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत व्यापार करत होती आणि तिची ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही चावीची घड्याळं आपल्या आजोबांच्या पिढीने लग्नात, नोकरीत मिरवली. नावात समुद्र असला तरी ती रोजच्या वापराची साधी घड्याळं होती. पण त्याच कंपनीने १९६८ साली ‘बॅथी’ नावाचं घड्याळ काढलं. त्यात पाण्याचा दाब एका पडद्यावर घेऊन तबकडीवर खोली दाखवणारा काटा फिरवला होता, पन्नास मीटरपर्यंत. बाकीचे दाबाला बाहेर ठेवत होते, यांनी त्यालाच बोलायला लावलं. पुढे २०११ साली हे नाव टाटांच्या टायटनने विकत घेतलं आणि ते भारतीय मालकीचं झालं.

आता सांगा, एका घड्याळात हे सगळं कसं दिसणार? पाच घड्याळं शेजारी ठेवली की पाच माणसांनी एका संकटाचा केलेला विचार हाताने चाचपता येतो. जाती-जातीचं बियाणं जपणाऱ्याला आपण जाणता म्हणतो. यंत्रांतली विचारांची विविधता जपणाऱ्यालाही तोच न्याय मिळावा.

आता चौथा आक्षेप, पैशाचा. तो ज्या ठिकाणाहून येतो ते ठिकाण मला माहीत आहे. उसाचं बिल थकलेलं असताना आणि मुलीच्या फीची तारीख जवळ आलेली असताना घड्याळ घेणारा माणूस चुकतोच; त्याची बाजू मी घेणार नाही. हप्त्यावर घेतलेलं घड्याळ हा संग्रह नाही, ते कर्ज आहे. दुसरे लोक लग्नावर, डीजेवर, फ्लेक्सवर किती उधळतात, असं बोट दाखवून मी सुटकाही करून घेणार नाही. दुसऱ्याच्या उधळपट्टीने माझा खर्च योग्य ठरत नाही.

पण या आक्षेपात एक समजूत दडलेली आहे की डायव्हर म्हणजे रोलेक्स आणि रोलेक्स म्हणजे लाखो रुपये. ती खोटी आहे. डायव्हर घड्याळांना आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या अटी: किमान शंभर मीटरची क्षमता; लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली चाचणी, आणि तीही नमुन्यादाखल एकाची नाही तर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घड्याळाची; अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, घड्याळ चालू आहे हेही दिसलं पाहिजे; खारं पाणी, धक्का, चुंबक, तापमानातला अचानक बदल, सगळं सोसलं पाहिजे. हे मानक किमतीकडे पाहत नाही. १९९६ साली आलेलं सेइकोचं एसकेएक्स००७ हे साध्या नोकरदाराला परवडणारं घड्याळ याच कसोटीला उतरलं आणि जगभरच्या पाणबुड्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. व्होस्तोकसारखी घड्याळं तर त्याहूनही स्वस्त. महागड्या घड्याळात पॉलिश चांगलं असतं, मशीन अधिक रेखीव असतं, नाव मोठं असतं. पाणी मात्र दोघांनाही सारख्याच दाबाने दाबतं.

इथे घेणाऱ्याने एक फरक ध्यानात ठेवावा. तबकडीवर नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असणं वेगळं आणि ‘डायव्हर्स’ हा शब्द खोलीसह लिहिलेला असणं वेगळं. या दुसऱ्या शब्दामागे ते मानक उभं असतं. तीस मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडालेलं पाणी सोसतं, विहिरीत पोहायला ते नाही. ‘वॉटरप्रूफ आहे’ असं सांगून गल्ल्यावरून खपवली जाणारी कितीतरी घड्याळं पहिल्याच पावसाळ्यात काचेआड धुकं धरतात. माहितगार संग्राहक गावात असेल तर चार जणांचे पैसे वाचतात.

आतापर्यंत बाहेरच्यांना उत्तर दिलं. आता घरच्यांशी दोन शब्द, कारण आक्षेपांना बळ आपल्यातलेच काही जण देतात. घड्याळ घेऊन प्लास्टिकही न काढता कपाटात ठेवणारे, भाव चढला की विकणारे, आणि याला ‘गुंतवणूक’ म्हणणारे. दाब सोसण्यासाठी बनलेल्या वस्तूला धुळीचासुद्धा स्पर्श होऊ द्यायचा नाही, हा तिचा अपमान आहे. चैनीचा आरोप तुमच्यावर झाला तर मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

दुसरे आहेत शुद्धतेचे रखवालदार. जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात ‘मुंबई स्पेशल’ असं हेटाळणीने म्हणतात: तबकडी नव्याने रंगवलेली, काटे भलत्याच घड्याळाचे, मशीन तिसऱ्याचं. असं घड्याळ ‘मूळचं’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे आणि तिचा निषेधच करायला हवा. पण या नावाखाली आपली सगळी दुरुस्तीची परंपरा फसवी ठरवली जाते, ते मला मान्य नाही. दमट हवेत तबकडी काळी पडली, सुटा भाग परदेशातून मिळणं अशक्य होतं आणि माणसाला घड्याळ रोज लागत होतं. तेव्हा घड्याळजीने मिळेल त्या भागाने ते चालतं ठेवलं. तो कारागीर होता, ठग नव्हता. एकच इशारा: अशा जुन्या डायव्हरचे वॉशर बदलून दाबाची चाचणी होईपर्यंत ते पाण्यात नेऊ नका, तबकडीवर कितीही मीटर लिहिलेले असोत.

या कारागिराचा विषय निघाला म्हणून संग्रहाचं खरं सामाजिक मोल सांगतो. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ घरोघरी गेली. दहावी पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर हातावर एचएमटी यायचं. २०१६ साली केंद्र सरकारने तो घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याबरोबर गावोगावच्या घड्याळजींचं रोजचं कामही आटलं. आज तालुक्याच्या बाजारपेठेत सेल आणि पट्टा बदलून देणारे आहेत. मशीन उघडून धुणारा, केसासारखी स्प्रिंग सरळ करणारा माणूस शोधावा लागतो. त्याच्याकडे काम घेऊन आज कोण जातं? मुख्यतः संग्राहकच. आम्ही गेलो नाही तर ही विद्या या पिढीतच संपेल, आणि मग आजोबांचं फेवर ल्युबा बंद पडलं तर ते उघडायलाही कुणी मिळणार नाही.

म्हणून टीका करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: आम्हाला जरूर तोला, पण योग्य मापाने. हा माणूस कधी समुद्रात उतरला का, हे विचारू नका. घड्याळ तो वापरतो की कोंडून ठेवतो, हे विचारा. वॉशर कधी बदलले, चाचणी कधी केली, हे विचारा. ते घेताना घरातल्या कुणाच्या गरजेवर पाय दिला का, हे तर नक्की विचारा. आतल्या मशीनबद्दल शाळकरी पोराने प्रश्न केला तर झाकण उघडून दाखवण्याइतकी समज आणि सवड त्याच्याकडे आहे का, तेही पाहा. या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याच्या पाच घड्याळांना चैन म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही, मग तो मालवणात राहत असो की भांडगावात.